मांजरं वळणाऱ्या दादूसला

दादूस, तुझ्या दहाव्याला सगळे आले. अठराच्या अठरा. कुणाला दोनदा फोन करावा लागला नाही, कुणाच्या ओट्यावर जाऊन बसावं लागलं नाही, कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली नाही आणि कुणाला ऐन वेळी ताप आला नाही. वज्रेश्वरीची बायजाआत्या, जिला गुडघ्यांमुळे चार वर्षांत एकदाही गावात येणं जमलं नव्हतं, ती साडेसातलाच येऊन खुर्चीत बसली होती. वसंत आणि प्रकाश हे आपले चुलतभाऊ, एकमेकांचे सख्खे असून एकमेकांच्या दारावरून जाताना मान फिरवणारे, एकाच ताडपत्रीवर मांडीला मांडी लावून बसले होते. ताडपत्री माझीच, मांडवाच्या सामानातली. मी मागे उभा राहून माणसं मोजली. ही सवय तुझी, लागली मला. त्या सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत. त्यातली अठरा, माझ्यासकट, तिथे हजर होती. एकोणिसावा तू.

चार वर्षं तू जे जमवायला बघत होतास, ते तू मरून एका सकाळीत जमवलंस. मला हसू आलं, दादूस. तोंडाला टॉवेल लावावा लागला. लोकांना वाटलं मी रडतोय. थोड्या वेळाने त्यांचं खरं निघालं.

तुला काय हवं होतं ते इथे सरळ लिहून ठेवतो, कारण तू गेल्यापासून लोक ते आपापल्या परीने सांगायला लागलेत. कुणी म्हणतं, हिरामण दादूसला तिथे स्वतःचं गोदाम टाकायचं होतं. कुणी म्हणतं, त्याला पंचायतीला उभं राहायचं होतं. तुला फक्त खाडीवर जायला वाट हवी होती. गावाच्या मागे आपल्या आजोबांच्या नावाचा तो लांब, चिंचोळा पट्टा; त्याच्यावरून पूर्वी बांध होता आणि त्या बांधावरून गणपती जायचे, मयत जायची, सात मिनिटांत खाडी. मग दोन्ही बाजूंना गोदामं झाली, त्यांच्यासाठी भराव पडला, पाणी जायला जागा राहिली नाही आणि ते सगळं आपल्या पट्ट्यात येऊन बसलं. बांध वाहून गेला. पंचायत म्हणाली, पट्टा आमच्या नावावर करून द्या, आम्ही भराव टाकून रस्ता करतो. त्यासाठी एकोणीस जणांची संमती हवी होती. तू एक निळी प्लास्टिकची फाइल घेतलीस आणि निघालास.

एकदा तू एका गोदामाच्या मॅनेजरला भेटायला गेला होतास. विसर्जनाच्या दिवशी तरी रस्त्यावर कंटेनर लावू नका, एवढंच सांगायला. बोलता बोलता तू त्याला एकोणीस सह्यांचंही सांगितलंस. तो तरुण पोरगा हसला आणि फोनवरच्या दुसऱ्या कुणाला तरी इंग्रजीत काहीतरी बोलला. तू ते दोन शब्द तोंडात घोळवत थेट माझ्या मांडव-स्पीकरच्या दुकानात आलास.

"बाला, हर्डिंग कॅट्स म्हंजे काय रं?"

मी ॲम्प्लिफायर उघडून बसलो होतो. म्हटलं, "मांजरं वळणं. गुरं वळतात तशी मांजरं वळायला निघालेला माणूस. इंग्रज लोक न होणाऱ्या कामाला असं बोलतात."

मला वाटलं तू चिडशील. तू स्टुलावर बसलास आणि बराच वेळ विचार केलास. लहानपणी सगळ्या आळीच्या म्हशी तू वळल्या होत्यास. या विषयात तुझा शब्द मोठा होता.

"त्यांना ठाऊक न्हाय," तू म्हणालास. "मांजरांच्या मागं धावायचाच नसतंय. मांजराच्या म्होरं त्याची वाटी ठेवायची नि आपून बाजूला बसायचा. येतंय ता. फकस्त कुनाची वाटी कंची, ता म्हाईत पायजे."

मी त्या दिवशी खूप हसलो आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर केलं. पण तू त्याच दिवसापासून एक शंभर पानी वही केलीस, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एका माणसाला एक पान.

बायजाआत्याकडे मी तुझ्याबरोबर आलो होतो. आठवतं ना. ती ओसरीवर बसून वाल सोलत होती. कागद बघताच तिने हात मागे घेतले.

"गेल्या टायमाला माझे भाऊ लुगडं घेऊन आलते," ती म्हणाली. "लुगडं दिला, अंगठा नेला. दुसऱ्या जमिनीतला हिस्सा सोडल्याचा कागद व्हता ता, मना नंतर कललं. आता तू काय आनलास?"

"काय न्हाय आनला, आते."

"मंग अंगठा पन न्हाय."

"अंगठा नगं. तू फकस्त आयक."

आणि तू तिला तो अख्खा कागद वाचून दाखवलास. गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, सगळं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. तू पुन्हा वाचलास. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबवून म्हणाली, "आनि यो बांध माझ्या बापानं घातलाय, त्याचा नाव कुठं हाय?" तू पेन काढलंस आणि समासात तिच्या बापाचं नाव लिहिलंस. त्या लिहिण्याला कायद्यात काडीची किंमत नव्हती, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. आत्याने अंगठा दिला नाही. तिने सही केली. तिला सही येते हे आपल्या घराण्यात कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

वसंत आणि प्रकाश, दोघांचीही अट एकच होती. दुसऱ्याच्या नावाखाली आपलं नाव येता कामा नये. तू दोन कागद केलेस. दोन्हीवर एक नंबरची जागा. दोघांनीही पहिल्या नंबरावर सही केली आणि दोघेही आठवडाभर छाती काढून फिरत होते. हे मला कळलं तेव्हा मी गावच्या क्रिकेटच्या सामन्यात माईकवर होतो. माझी जीभ तुला माहीत आहे. दोन षटकांच्या मध्ये मी बोलून गेलो, "हिरामण दादूसच्या मैदानात आज तेरा सह्या पूर्ण, आणि विशेष म्हणजे दोन सलामीचे फलंदाज एकाच टोकाला उभे आहेत." वसंत बॅट घेऊन माझ्या टेबलापर्यंत आला. प्रकाश त्याला अडवायला आला. बोलले नाहीत, पण एकाने दुसऱ्याचा हात धरला. गावाने ते पाहिलं. त्या संध्याकाळी तू मला खूप बोललास. म्हणालास, माझ्या चार महिन्यांच्या कामावर तू माईक फिरवलास. मी म्हटलं, अरे, हात तरी धरला. तो वाद आपला मिटला नाही. अजूनही मला वाटतं मी बरोबर होतो. अजूनही तू "मुकाट बस" म्हणशील.

अशा तू अठरा सह्या मिळवल्यास, तुझी स्वतःची धरून. एकोणिसावी माझी.

हे मी अजून कुणापुढे बोललो नाही. माईकवर आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं.

दर रविवारी दहा वाजता तू माझ्या ओट्यावर यायचास. फाइल मांडीवर, चपला उंबऱ्याच्या डाव्या बाजूला, बिनसाखरेचा चहा. आणि प्रश्न: "मंग बाला, काय ठरवलास?" मी दर वेळी नवीन अडचण तयार ठेवायचो. पहिल्यांदा म्हटलं, पंचायत उद्या तिथेही गोदाम उभं करील. तू कागदात अट घालून आणलीस. मग म्हटलं, मोजणी झालेली नाही. तू मोजणीचा नकाशा आणलास. मग म्हटलं, पितृपक्ष आहे. मग म्हटलं, चष्मा सापडत नाही. एका रविवारी काहीच सुचेना, तेव्हा मी डोळे मिटून म्हटलं, "आज्या सपनात आला. बोलला, घाई करू नको."

"आज्या माझ्या सपनात कसा न्हाय आला? पट्टा त्याचाच हाय."

"आला असंल. तू घोरत असशील."

तू इतका हसलास की चहा फाइलवर सांडला. तो डाग अजून आहे.

शोभा, माझी बायको, गेली तेव्हापासून या घरात माझ्याशिवाय आवाज नव्हता. दुकानात आठ स्पीकर आणि घरात शुकशुकाट. रविवारी दहा ते दोन तू असायचास. मी सही केली असती तर पुढच्या रविवारी तू का आला असतास? हा एवढाच विचार होता, दादूस. पंचायतीवर माझा अविश्वास नव्हता, मोजणीबद्दल शंका नव्हती, आजोबाही स्वप्नात आले नव्हते. मी तो डाव लांबवत होतो. मला वाटायचं तुलाही मजा येते. आणि मला वाटायचं की सही काय, कधीही करता येते. पेन खिशात आहे, तू समोर आहेस.

मग त्या मंगळवारी सकाळी तू चहा ठेवायला सांगून अंघोळीला गेलास आणि आतून हाकेला ओ आली नाही.

दुपारी तीनला तुला घेऊन निघालो. सात मिनिटांच्या पट्ट्यात गुडघाभर पाणी. गोदामांच्या रस्त्याने वळसा घालावा लागला आणि रस्त्यावर लोडिंगची रांग लागली होती, एकामागे एक कंटेनर. मी पुढे होतो. वाट करणं हे माझंच काम. वरातीत, मिरवणुकीत तीस वर्षं तेच करत आलो. ओरडत होतो, "पीछे लो भाई, थोडा पीछे." एका ड्रायव्हरने केबिनमधून खाली वाकून विचारलं, "किसका हुआ, चाचा?"

"मेरे भाई का."

तो उतरला. पुढच्या तीन गाड्यांच्या दारांवर थापा मारत गेला आणि त्याने इंजिनं बंद करायला लावली. त्या सगळ्यांनी डोक्यावरचे गमछे काढले. परक्या मुलखातली माणसं, तुझं नावही माहीत नसलेली. पण जागा काही वाढली नाही. एका ठिकाणी कंटेनर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये इतकी कमी फट होती की खांद्यावरून तिरडी नेता येईना. तुला खांद्यावरून उतरवून, हातावर घेऊन, आडवं होऊन काढावं लागलं. तुझा डावा पाय पत्र्याला घासला. वसंतने पटकन हात मध्ये घातला आणि त्याचा हात सोलवटला. पाऊण तास लागला, दादूस.

आपल्यात बायका पुढे येत नाहीत, पण तुझी लेक मनीषा आली होती, रस्त्याच्या शेवटापर्यंत. ती माझ्याजवळून जाताना थांबली. ओरडली नाही.

"काका, आपल्या पट्ट्यातनं सात मिनटं व्हती."

एवढंच.

म्हणून दहाव्याला मी तयारीने गेलो होतो. पिंड ठेवला की कावळा अडून बसणार, याची सगळ्यांना खात्री होती. तुझी एवढी मोठी इच्छा राहिलेली. लोक आधीपासूनच माझ्याकडे बघत होते. बायजाआत्याने तर खुर्ची माझ्या दिशेला फिरवून घेतली होती. मीही शब्द ठरवून आलो होतो: दादूस, मी सही करतो, सगळ्यांच्या देखत शब्द देतो. दोन पावलं पुढे झालो, घसा साफ केला, हात जोडले, तोंड उघडलं. आणि कावळा आला, शिवला आणि उडून गेला. पिंड ठेवून एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

सगळा जमाव माझ्याकडे बघत राहिला आणि मी हात जोडून, तोंड उघडं ठेवून उभा. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी म्हणालं, "समाधानी गेला बिचारा." मला मात्र तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. तू माझ्याकडे काही मागितलंच नाहीस.

का मागितलं नाहीस, ते काल कळलं.

काल वहिनीने बोलावलं. घरात आता सगळे पाहुणे गेलेत. तिने फाइल आणि ती शंभर पानी वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "यात काय हाय ता तुमालाच कलंल." मी पानं उलटली. आत्याचं पान: "वाचून दाखवायचं, कितीही वेळा." वसंतचं: "पहिला नंबर." प्रकाशचं: "पहिला नंबर." शेवटचं पान माझं. त्यावर माझ्या सगळ्या अडचणी तू ओळीने लिहून ठेवल्या होत्यास. पंचायत. मोजणी. पितृपक्ष. चष्मा. आज्या. प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. आणि खाली, वेगळ्या पेनाने: "बालाला आता विचारायचं नाही. रविवारी जायचं."

मी आठवून पाहिलं. दिवाळीनंतर तू खरंच एकदाही विचारलं नव्हतंस. फाइल आणायचास, मांडीवर ठेवायचास, परत घेऊन जायचास. मीच आपला दर रविवारी नवीन अडचण सांगायचो आणि तू "बरा" म्हणायचास. सहा महिने मी न विचारलेल्या प्रश्नाला नकार देत बसलो होतो. मी सही केली असती तरी तू आला असतास. हे तू एकदा तोंडाने बोलला असतास तर, असं मनात आलं. मग वाटलं, मी तरी कुठे बोललो.

वहिनी समोर बसली होती.

"भावजी, ह्या कागदावर आता तुमी सही केलात तर रस्ता व्हईल?"

"न्हाय, वहिनी. दादूसचा नाव आता निंगंल. त्याच्या जागी तुमी, मनीषा नि कविता. सगल्या सह्या परत घ्याव्या लागतील."

"म्हंजे किती?"

"एकवीस."

तिने फाइलवरून हात फिरवला. "चार वर्सं दर रयवारी ह्यो मानूस नाश्टा करून निंगाला, ता दोनला जेवायला आला. आठवडाभर ड्युटी, नि रयवारी तुमच्याकडं. मी बोलायची, आज तरी घरात ऱ्हा. तर बोलायचा, बालाचा काम ऱ्हायलाय." तिने मान वर केली. "कामच व्हता ना, भावजी?"

हो म्हणता आलं असतं, दादूस. माझ्यासारख्याला काय अवघड होतं. पण तुझा फोटो तिच्या मागच्या भिंतीवर होता आणि वही मांडीवर उघडी होती.

"न्हाय, वहिनी. काम काय न्हवता. मना सही कवाच करता आली असती. तो यावा म्हनून न्हाय केली."

ती रागावली नाही. रागावली असती तर मी ऐकून घेतलं असतं, मला बोलणी खायची सवय आहे. ती तुझ्या फोटोकडे न बघता, माझ्याकडेही न बघता, फरशीकडे बघून म्हणाली, "ते रयवार माझे व्हते."

मी मांडीवरची वही मिटली.

थोड्या वेळाने ती उठली, कपाटातून संमतीच्या कागदाची एक कोरी प्रत काढून आणली आणि विचारलं, "कुठं करायची?" मी जागा दाखवली. बचत गटात शिकलेली सही तिने एकेक अक्षर सोडवत केली. कुठली अट घातली नाही, वाचून दाखवायला सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी या म्हणाली नाही. ज्या माणसाने सगळ्यात जास्त गमावलं त्याने सगळ्यात कमी वेळ लावला. तिच्या खाली मी माझी केली. पेन खिशातलंच.

दोन झाल्या, दादूस. वही मी घेऊन आलोय आणि तुझ्या दोन पोरींसाठी दोन नवीन पानं उघडलीत. उद्या सकाळच्या गाडीने कल्याणला जातो आहे, मनीषाकडे. ती माझ्याशी बोलत नाही. हे तुला माहीत असायचं कारण नाही. तुला खाडीवर नेलं त्या दिवसापासूनची गोष्ट आहे.